डाव्या हाताला कळू न देता

इंग्लंडमधल्या फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा मिळतो तिथे, पिशवी हातात देण्याआधी विचारतात, घरी शिजवायची सोय आहे ना? इथे अनेक गरीब घरांत विजेचं मीटर मोबाइलसारखं आधी पैसे भरून चालतं. पैसे संपले की शेगडी बंद. मग तांदूळ देऊन करायचं काय? एका खोलीत राहणाऱ्याकडे नुसती किटली असेल तर उकळतं पाणी ओतून होणारं सूप, नूडल्स, ओट्स देतात. वीजच नसेल तर थंड खाता येईल ते. डबेसुद्धा शक्यतो कडी ओढून उघडणारे, कारण डबा फोडायचं साधन घरात असेलच असं नाही. घेणाऱ्याच्या चुलीपर्यंत मनानं जाऊन यायचं आणि मगच पिशवी भरायची, हे मला फार मोलाचं वाटतं.

यातल्या बऱ्याच फूड बँका चर्चच्या सभागृहात भरतात. ट्रसेल ही त्यांची मोठी संस्था. तिची पहिली फूड बँक २००० साली सॉल्झबरीत एका जोडप्याच्या घरच्या गॅरेजातून सुरू झाली. डॉक्टर, शाळा किंवा समाजसेवक चिठ्ठी देतात, तीवर घरात माणसं किती ते असतं आणि त्या हिशोबानं निदान तीन दिवसांचा शिधा मिळतो. धर्म कोणता, हे विचारत नाहीत. मागच्या खोलीत आलेलं सामान वजन करून, मुदतीची तारीख ठळक लिहून लावतात. जुनं आधी बाहेर. अडचणी ठरलेल्या. पास्ता आणि बीन्सचे ढीग लागतात, टिकाऊ दूध आणि डब्यातली फळं कमी पडतात. सुगीच्या सणाला आणि नाताळात लोक भरभरून देतात. उन्हाळ्यात शाळेचं फुकट जेवण बंद होतं, मागणी वाढते आणि नेमके तेव्हाच रॅक रिकामे.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. बायबलमधलंच याकोबाचं पत्र त्याहून रोखठोक आहे: उपाशी माणसाला नुसतं ‘पोटभर जेवा’ म्हणून काय उपयोग?

आणि आपल्याकडे, पुणे शहरात? पाच किलोचं किट, त्यावर दात्याचा फोटो, मागे फ्लेक्स, घेणाऱ्या बाईची मान खाली. किटमध्ये काय आहे यापेक्षा फ्लेक्सवर कोणाचं नाव आधी यावं यावर जास्त वेळ जातो. मला याची मनापासून चीड येते. लांब जाऊन पुण्याला नावं ठेवणं सोपं असतं, हे मान्य. पण गुप्तदान हा शब्द आपलाच ना? याच पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सात वार सात घरं, आणि फलक एकाही दारावर नसायचा. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळातल्या निराधार मुली-बायकांना आसरा तर दिलाच, पुढे शेती, विणकाम, छापखान्याचं कामही शिकवलं. तेव्हा इंग्लंडकडून सगळं शिकायचं आहे असं मुळीच नाही.

वाकड-हडपसरच्या मजूर वस्तीत किट देणार असाल तर आधी कुकर आहे का विचारा. नसेल तर तूरडाळीऐवजी मसूर किंवा मूगडाळ द्या. लवकर शिजते, गॅस वाचतो. तेल पिशवीत नको, बाटलीत द्या, पिशवी फुटली की सगळं पीठ वाया जातं. आणि फोटो हवाच असेल तर सामानाचा काढा, माणसांचा नको.