कुठल्या तारेवरचा पंचम?

आई शेजारणींना सांगते, ‘तो तिकडे बेंजो वाजवतो.’ त्यामुळे मिरजेत मी गणपतीच्या मिरवणुकीत गाडीवर बसून बेंजो बडवतोय असाच समज आहे. ते वाद्य वेगळं. बटणांचा तो बुलबुलतरंग १९१२ साली जपानच्या नागोया शहरात जन्मलेल्या ताइशोगोतोचा नातलग. माझा बँजो पाच तारांचा. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून बनवले. भोपळ्याच्या सतारी बनवणाऱ्या मिरजकरांना ते परकं वाटायचं कारण नाही.

तर, मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला राहतो. इथून पश्चिमेला गाडीने तासाभरावर शेल्बी नावाचं गाव आहे आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत, १९२४ साली, अर्ल स्क्रग्ज जन्मला. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा, तिन्हींत नख्या घालून बँजो वाजवायची जी रीत आज ब्लूग्रासची, म्हणजे तारवाद्यांवरच्या तिथल्या गावरान संगीताची, ओळख आहे, ती त्याच्या नावाने चालते. शेल्बीच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत आता त्याचं संग्रहालय आहे. आमचे बँजोमास्तर सत्तरी ओलांडलेले; कान तल्लख, डोळे अधू. म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी रेकॉर्ड ऐकून टॅब लिहायचं काम दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आलं.

टॅब म्हणजे पाच आडव्या रेघा, एकेक तारेची. सगळ्यात वरची पहिल्या तारेची. रेघेवर आकडा म्हणजे पडदा, शून्य म्हणजे खुली तार, खाली कुठलं बोट ते. मी बारावीपर्यंत सतार शिकलेलो, सरगम लिहिण्याची सवय. म्हटलं, यात काय अवघड? बँजोच्या नेहमीच्या मिळवणीत तारा चौथीकडून पहिलीपर्यंत प, सा, ग, प अशा लागतात. पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांड्याच्या मध्येच, आणि ती तार षड्जात. सतारीवर मधूनमधून छेडायची चिकारीच की! अंगठा तिला येताजाता छेडत असतो.

पहिल्याच आठवड्यात जिरली. १९४९च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झालेलं ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ हे स्क्रग्जचं गाजलेलं वादन. सेकंदाला साधारण दहा सूर. मास्तर लहानपणी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी सोळावर फिरवून शिकले. वेग निम्मा होतो आणि सूर एक सप्तक खाली उतरतात, म्हणजे रेड्यानं बँजो हातात घेतल्यासारखं ऐकू येतं. माझ्याकडे संगणक आहे, तो सूर न बदलता वेग कमी करतो. तरीही अडलोच. सुरुवातीला दुसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर बोट आपटतं: तीव्र मध्यमावरून पंचम. लगेच पहिली तार खुली वाजते. तीही पंचमच. पुन्हा तेच. सरगम लिहिणाऱ्याने ‘प प’ लिहिलं की त्याचं काम संपलं. टॅब लिहिणाऱ्याचं तिथून सुरू होतं: कुठल्या तारेवरचा पंचम? कुठल्या बोटाने?

मी आधी दोन्ही पंचम एकाच तारेवर लिहून नेले. मास्तरांनी वाजवून दाखवायला सांगितलं. वाजवताच येईना. ‘कागदावर बरोबर आहे रे, हातात नाही,’ ते म्हणाले. त्या वेगात एकच बोट लागोपाठ दोनदा लावत नाहीत, म्हणून सूर तारांवर वाटून घ्यावे लागतात. तिथल्या आठ सुरांच्या तारा अशा आहेत: दुसरी, पहिली, दुसरी, पहिली, पाचवी, दुसरी, पहिली, पाचवी. बोटं: तर्जनी, मध्यमा, अंगठा, मध्यमा, अंगठा, तर्जनी, मध्यमा, अंगठा. दुसऱ्या तारेवरचा पहिला ठोका तर्जनीचा, दुसरा अंगठ्याचा. अंगठ्याचा आघात जरा भरदार येतो. हेडफोन लावून दोनशेदा ऐकल्यावर तो मला कळू लागला. (बायकोला शंभरातच कळला असावा, कारण तिने दार लावून घेतलं.) आता मी आधी हात ऐकतो, सूर मग.

स्क्रग्जचं स्वतःचं पुस्तक १९६८ साली आलं. त्यातले बरेच टॅब बिल कीथ या दुसऱ्या मोठ्या बँजोवादकाने ऐकून लिहिलेले आहेत, तेही संगणकाशिवाय. ते पुस्तक चाळताना मला माझ्या खोडरबराची लाज वाटते.

सगळ्यात फजिती झाली ती ‘फॉगी माउंटन’मधल्या मायनर कॉर्डच्या (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) जागी. तिथे मला स्पष्ट कोमल रिषभ ऐकू येत होता. तिसरी तार, पहिला पडदा, लिहून टाकला. मास्तर इतके हसले की चष्मा काढावा लागला. त्या मूळ रेकॉर्डमध्ये बँजो ई मायनर वाजवतो आणि त्याचा जोडीदार लेस्टर फ्लॅट याची गिटार ई मेजर. म्हणजे बँजोचा षड्ज आणि गिटारचा कोमल रिषभ शेजारीशेजारी घासत जातात. आमच्या सतारीच्या गुरुजींनी कान पिळला असता. इथे ते सत्तरहून अधिक वर्षं लोक आवडीने ऐकतायत. माझा कान गिटारच्या मागे गेला होता, एवढंच.

मला विचाराल तर आयता टॅब देणं विद्यार्थ्याच्या कानासाठी बरं नाही. आकडे पाठ होतात, चाल होत नाही. मास्तरांचंही तेच मत, पण टॅब दिला नाही तर अर्धा वर्ग रिकामा होईल, हेही त्यांना माहीत आहे. म्हणून आम्ही तोडगा काढलाय: प्रत्येक कागदावर एक माप, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तुकडा, कोरं सोडायचं, ते ऐकून भरून आणायचं.

गेल्या महिन्यात ती मायनरची जागा कोरी सोडली. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन येतात. त्यांनी रविवारी कागद आणला, कोपऱ्यावर कॉफीचा डाग. तिसऱ्या तारेच्या रेघेवर स्वच्छ अक्षरात ‘१’. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोडरबर खिशातच ठेवलं आणि पोस्टमनकाकांची खुर्ची ओढून गिटारवाल्याच्या शेजारी नेली.