हातोदच्या शेतात आत्याचं जोडवं

पुणे स्टेशनवर बॅग तपासणीच्या मशीनमधून बाहेर आली आणि हवालदारसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. "यात काय?" म्हटलं, मेटल डिटेक्टर. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा स्वतःच्या हातातल्या, धातू शोधायच्या दांडक्याकडे पाहिलं. "आमच्यासाठी?" एवढंच विचारून सोडून दिलं.

भाऊबीजेला बाबा दर वर्षी इंदूरला आत्याकडे जातात. यंदा मीही मागे लागलो, कारण डिटेक्टर घेऊन महिना झाला तरी पुण्यात तो फिरवायला जागा मिळेना. सोसायटीच्या आवारात काँक्रीटमधल्या सळयांवरून तो अखंड किंचाळतो. गड-किल्ल्यांवर नेण्याचा प्रश्नच नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खणणं १९५८च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि नसता तरी मी तिथे कुदळ लावली नसती. आत्याचं मात्र इंदूरजवळच्या हातोद गावाच्या पुढे चार बिघे शेत आहे. शिवाय निमित्तही होतं. गेल्या वर्षी सोयाबीनच्या काढणीत तिच्या पायातलं एक चांदीचं जोडवं तिथेच कुठेतरी पडलं होतं.

रामबागेतल्या घरी पोचताच पोहे-जिलबी समोर आली. पोह्यांवर जिरावण हा तिथला चटपटीत मसाला, वर शेव. मी घाई करतोय हे पाहून आत्या म्हणाली, "आधी खा, शेत काही भागून नाही जात." तिच्या मराठीला माळव्याचा हा हेल आता कायमचा.

शेतावर उद्या, असं ठरल्यामुळे रात्री सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, खायला गेलो. दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री त्याच ओट्यांवर खाद्याचे ठेले, हे कितीदा पाहिलं तरी गंमत वाटते. आतोबांनी तिथे एक गोष्ट सांगितली. पहाटे दुकानं उघडण्याआधी न्यारिये येतात, म्हणजे आपले झारेकरी. गल्लीतली माती, गटारातला गाळ झाडून नेतात, धुतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. ना बॅटरी, ना हेडफोन. माझ्या हजारोंच्या मशीनबद्दल त्यानंतर मी जरा कमी बोललो.

आतोबा तहसिलीत नोकरीला होते, त्यामुळे कायदा त्यांच्या जिभेवर. "१८७८चा कायदा आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही निघालं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये!" मग जोडव्याचं काय, मी विचारलं. "ते दडवलेलं नाही, पडलेलं आहे. आणि मालकीण इथे गराडू खातेय."

दुसऱ्या दिवशी शेत. सोयाबीन निघालेलं, गव्हाची पेरणी आठ दिवसांवर, जमीन मोकळी. मशीन चालू केलं आणि एकही धातू नसताना ते बडबडायला लागलं. दोष मशीनचा नव्हता. माळव्याची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात लोहाचे चुंबकीय कण भरपूर. फ्रिजवरचं एक चुंबक मी खिशात आणलं होतं. पाटाच्या कोरड्या मातीत फिरवलं तर त्याला बारीक काळी दाढी फुटली! मग कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची चकती, जमिनीवर खाली-वर करत मशीनला ही माती ओळखायला लावली, संवेदनशीलता दोन घरं उतरवली, विजेच्या उपकरणांचा अडथळा नको म्हणून मोबाइल बाबांकडे दिला, शेजारच्या विहिरीवरची मोटर बंद होईपर्यंत थांबलो. तेव्हा कुठे ते गप्प बसलं.

खरी मजा पुढे होती. झाडाखाली सुतळीची बाज होती (खिळे नसलेली, मुद्दाम तपासली), तिच्यावर आतोबांच्या डब्यातली नाणी एकेक ठेवून वर कॉइल फिरवली. पडद्यावर शून्य ते नव्व्याण्णव आकडे येतात. लोखंड खाली, चांदी-तांबं वर. १९३५चा होळकरांचा पाव आणा, यशवंतरावांचा चेहरा असलेला, खणखणीत वर गेला. ॲल्युमिनियमचे षटकोनी वीस पैसे मधेच थांबले. आणि आजचा रुपया? कधी गप्प, कधी तुटक. तो चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा, आणि मी लोखंड वगळायचा मोड लावलेला! परदेशी नाण्यांवर घडवलेल्या मशीनने आपला रुपया भंगारात काढला होता.

मग आत्याने पायातलं उरलेलं जोडवं काढून दिलं. चांदी म्हणजे आकडा वर जाणार, अशी माझी खात्री. आला मधलाच. थोडं डोकं खाजवल्यावर उमगलं. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रवाह गोल फिरतो आणि मशीन त्याचा प्रतिसाद ऐकतं. जोडवं मात्र एका बाजूने उघडं असतं, पायात बसवायला. कडं तुटलेलं, त्यामुळे प्रवाहाला पुरती फेरीच मिळत नाही. मी त्याची दोन टोकं चिमटीत दाबून नीट भिडवली, आकडा लगेच चढला. आत्या म्हणाली, "अरे, वाकवू नको ते!"

याचा अर्थ वाईट होता. मधल्या आकड्यांवर या शेतात एकच वस्तू मुबलक होती, ती म्हणजे कीटकनाशकाच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची सिलं. एकही आवाज सोडून चालणार नव्हतं. तीन तासांत सव्वीस सिलं काढली. खड्डा बुजवायचा, सील खिशात, पुढे. एकदा आवाज खोल आणि भरदार आला, दुसऱ्या दिशेने फिरवल्यावर मात्र चरचरला, म्हणजे लोखंड असणार. तरी खणलं. बैलाच्या खुराची पत्री निघाली, दोन खिळे अजून तिच्यात. आतोबांनी ती धोतराला पुसली आणि बराच वेळ हातात फिरवत राहिले. इथे ट्रॅक्टर येऊन तीस वर्षं झाली. बैल कोणता ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पत्री आता त्यांच्या खिडकीत आहे.

जोडवं नाही मिळालं. अर्धा बिघा सुद्धा झाला नव्हता आणि आमची परतीची गाडी होती. पेरणीपर्यंत मशीन इथेच राहू दे, असं आतोबा म्हणाले तेव्हा मला वाटलं, भाच्याचं मन राखायला म्हणतायत.

काल रात्री फोन आला. "आज चौदा सिलं, एक नट, आणि शेजाऱ्याच्या बैलगाडीची खीळ. तो म्हणतोय त्याच्या शेतातही फिरवा. पण ते गवताला लागलं की ओरडतं, ते कसं बंद करायचं?"