मातीच्या किटलीत चहा खरंच वेगळा लागतो का?

जपानमध्ये नागोयाला राहायला येऊन अकरा वर्षं झाली. पुण्या-साताऱ्याहून पाहुणे आले की किल्ला, मंदिर सगळं दाखवून होतं आणि मग एक दिवस मी त्यांना तोकोनामे या कुंभारांच्या गावी नेते. गाडीने पाऊण तासाच्या आतलं अंतर. गावात एक चढ आहे, त्याच्या एका बाजूची भिंत मातीच्या जुन्या पाइपांची आणि दुसऱ्या बाजूची दारूच्या बुधल्यांची रचलेली. फोटो काढून होतात. मग दुकानात कुणीतरी मुठीएवढी लाल किटली उचलतं, खालची चिठ्ठी बघतं, आठ-दहा हजार येनांचे रुपये करतं आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारतं, "खरं सांग हं, यात चहा वेगळा लागतो का, की नुसतंच फॅड?"

हाच प्रश्न मला फोनवर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दर दिवाळीला येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

लागतो. पण तुम्ही रोज पिता तो चहा नाही.

आधी किटलीबद्दल. तिला इथे 'क्यूसु' म्हणतात. मूठ चोचीच्या समोर नसते, बाजूला काटकोनात असते, पळीच्या दांड्यासारखी. अंगठा झाकणावर, बाकी बोटं मुठीवर, मनगट वळवलं की चहा पेल्यात. डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूची वेगळी करतात. तोकोनामेत बाराव्या शतकापासून मोठमोठे रांजण भाजले जात होते, पण ही लाल किटली तिथे फार उशिरा आली. १८५४ मध्ये सुगिए जुमोन नावाच्या कुंभाराला ती जमली, आणि त्याच्या डोळ्यांपुढे होती चीनमधल्या यिशिंगची किटली. पुढे १८७८ मध्ये यिशिंगची पद्धत शिकवायला जिन शिहेंग या चिनी जाणकारालाच तोकोनामेत बोलावून घेतलं.

यिशिंगची कथा आणखी मागे जाते. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने चहाच्या दाबलेल्या वड्या नजराण्यात घेणं बंद केलं आणि सुटी पत्ती मागवली. वडी कुटून, फेटून प्यायचा चहा मागे पडत गेला. सुट्या पत्तीला भिजायला भांडं हवं, आणि पुढे ती जागा यिशिंगच्या जांभळट मातीने घेतली. ती माती खाणीतून दगडासारखी निघते. उघड्यावर ठेवून तिला ऊनपावसात फुटू देतात, मग दळतात. तिथला कारागीर किटलीसाठी चाकावर बसतच नाही. माती लाकडी हातोड्याने ठोकून भाकरीसारखी सपाट करतो, तिची पट्टी कापून नळकांडं वळतो आणि लाकडी थापीने थापटत थापटत त्याला पोट आणतो. आपला कुंभार चाकावरून उतरवलेलं मडकं थापीने मारून मोठं करतो, तो या मंडळींचा चुलतभाऊच म्हणायचा.

तोकोनामेचे कुंभार मात्र चाकावरचे. मी ज्या आजोबांकडे जाते त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. चाकावर धड, झाकण, चोच, मूठ असे वेगवेगळे तुकडे होतात आणि माती चामड्यासारखी सुकली की जोडले जातात. मला सगळ्यात आवडतं ते गाळणं. सुपारीच्या वाटीएवढी मातीची पातळ घुमटी, तिला ते एका बारीक नळीने भोकं पाडतात. मी एकदा मोजायला लागले आणि दीडशेच्या पुढे चुकले. आजोबा रेडिओवर बेसबॉल ऐकत होते. भोकं पाडून झाली की घुमटी किटलीच्या आतून बसवायची आणि बाहेरून तिच्यावर चोच. सेन्चाची, म्हणजे इथल्या रोजच्या हिरव्या चहाची पत्ती बारीक, चुरा जास्त, त्यामुळे इथे वेगळं गाळणं कुणी घेत नाही. गाळणं किटलीच्या पोटातच.

भाजून झाल्यावर झाकणाचं काम. झाकण आणि तोंड यांच्यामध्ये पाण्यात कालवलेली घासपूड घालून आजोबा झाकण गोल गोल फिरवत बसतात. आधी करकर आवाज येतो, दात शिवशिवतील असा. हळूहळू तो मऊ होतो, शेवटी नुसती सळसळ उरते. मग किटली धुऊन, पाणी भरून ते ती माझ्या हातात देतात. ओतायला लागायचं आणि झाकणावरच्या बारीक भोकावर बोट ठेवायचं. धार तिथल्या तिथे तुटते. बोट काढलं की पुन्हा सुरू. पाहुण्यांमधली लहान मुलं हा खेळ पाणी संपेपर्यंत खेळतात, आणि खरं सांगायचं तर मीही.

आता मुद्द्यावर येते. पहिली किटली घेतली तेव्हा मी पुरती भारावलेली होते. नवरा इंजिनिअर, त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. एका रविवारी पैज लागली. तीन किटल्या मांडल्या: लाल मातीची, पांढरी झिलईची चिनीमातीची आणि एक काचेची. साधा, स्वस्तातला सेन्चा, तिन्हींत पाच-पाच ग्रॅम, ८० अंशांचं पाणी, एक मिनिट. डोळे मिटून त्याने लाल किटलीतला चहा प्रत्येक वेळी ओळखला. "हा मऊ आहे," म्हणाला. मी लगेच आईला फोन लावला.

फोन चालू असतानाच त्याने पाकासाठी आणलेला थर्मामीटर तिन्हींत बुडवला. काचेत ७४, चिनीमातीत ७२, लाल किटलीत ६८. तिची भिंत जाड होती आणि ती गार होती, पाण्याची ऊब तिनेच आधी पिऊन घेतली होती. हिरव्या चहाचा कडूपणा आणि तुरटपणा गरम पाण्यात जास्त उतरतो. पाणी जरा निवलेलं असलं की गोडसर चव मागे पडत नाही. म्हणजे ज्याला मी मातीची जादू समजत होते, ते निम्म्याहून जास्त गार पाणी होतं. मग तिन्ही किटल्या आधी कढत पाण्याने विसळून घेतल्या आणि पुन्हा चाखलं. या खेपेला पाचांपैकी तीनदा ओळखता आलं. नुसत्या अंदाजाने सांगितलं असतं त्यापेक्षा किंचित बरं, इतकंच.

ते 'किंचित' मात्र आहे, आणि ते मातीचं आहे असं मला अजून वाटतं. आपला माठ आठवा. तो कमी आचेवर भाजलेला असतो, अंगातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं, म्हणून आतलं पाणी गार. क्यूसु किंवा यिशिंगची किटली ११०० अंशांच्या वर गेलेली असते. तिची छिद्रं इतकी आवळलेली असतात की ती झिरपत नाही. पण आतून झिलई नसते, त्यामुळे भिंत अगदी काचेसारखी गुळगुळीतही नसते. चहातला थोडा वास, थोडा तुरटपणा तिला चिकटून राहतो.

तोकोनामेचे दुकानदार याचं श्रेय लोहाला देतात. मातीत लोह भरपूर, म्हणून तर ती लाल. आणि तुरट द्रव्याचं आणि लोखंडाचं जमतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लोखंडी कढईत आवळा काळाकुट्ट होतो, हिरड्याच्या पाण्यापासून शाई होत असे ती लोहामुळेच. तरी मला हे कारण अर्धंच पटतं. भट्टीतून एवढं भाजून निघालेलं लोह मातीत घट्ट बसलेलं असतं. ते तसं सहज सुटत असतं तर माझ्या पेल्यात रोज शाईच आली असती.

तेव्हा माती चहात काही घालत नाही, थोडं काढून घेते. ज्याचं काढून घेण्यासारखं आहे त्यालाच तिचा फायदा. कडवट सेन्चा, धुरकट ऊलाँग हे तिच्यात सुधारतात. चांगला पहिल्या तोडणीचा दार्जिलिंग मी तिच्यात कधी करत नाही, त्याचा वासच तर प्यायचा असतो. त्याला पांढरी चिनीमातीची किटली.

यिशिंगवाल्यांचा नियम असतो, एका किटलीत एकाच जातीचा चहा. तो मी पाळते. त्याच्या पुढचं मात्र खोटं आहे: जुन्या किटलीत नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहा होतो म्हणतात. माझ्याकडे नऊ वर्षं रोज वापरलेली एक आहे, तिच्यात करून बघितलं. ओल्या पुठ्ठ्याची चव आली.

आणि आपला चहा? आपण पाण्यात पावडर उकळतो, आलं ठेचून घालतो, दूध घालतो. दुधातलं केसिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून तर दुधाचा चहा जिभेला ओढत नाही. मातीने जे करायचं ते दुधाने पातेल्यातच उरकलेलं असतं. किटलीला काम काय उरलं? मग कुल्हडातला चहा वेगळा का लागतो, हा पुढचा प्रश्न असतोच. कुल्हड कच्चट भाजलेला, कोरा आणि एकदाच वापरायचा. त्यात गरम चहा पडला की तापल्या मातीवर पाणी शिंपडल्यासारखा वास उठतो, आणि आपण चहाआधी तो वास पितो. दुसऱ्यांदा त्याच कुल्हडात प्यायलात तर मजा निम्मी झालेली असेल.

चव बदलायचीच असेल तर किटलीआधी पाणी बदला. सोसायटीच्या बोअरच्या जड पाण्यात कोरा चहा केला की वर तेलकट साय धरते आणि रंग मातकट होतो. त्याला तोकोनामेची काय, कुठलीच माती पुरत नाही.

हे सगळं कळायच्या आधीच मी एक क्यूसु साताऱ्याला आईसाठी नेली होती. तिने पहिल्याच दिवशी आल्याचा दुधाचा चहा गाळून तिच्यात ओतला. चूक माझी, किटली म्हणून दिल्यावर तिने आणखी काय करायचं होतं? आठवड्याभरात आत नासक्या दुधाचा वास बसला. सोडा घालून उकळलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, पण वास काही गेला नाही. टाकून दे म्हटलं तर आई ऐकेना.

आता ती तुळशीला पाणी घालायला वापरते. धार नेमकी बुंध्याशी पडते म्हणते, आणि कट्ट्यावर एक थेंब सांडत नाही.