तुम्ही विचारलंत म्हणून: मी पंगतीआधी का निघते

"कार्याला येतेस आणि पानं मांडायला लागली की निघतेस. असं का?" सासरचे विचारतात, माहेरचे विचारतात. परवा चुलत जाऊबाईंनी तर "आमच्याकडचं जेवण चालत नाही का गं?" असंही विचारून टाकलं. ते फार लागलं. म्हणून आता सगळं सांगते.

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. काठी दिसते, ओढत टाकलेला पाय दिसतो. आतड्याचं दिसत नाही. मज्जारज्जूतून पायांकडे जाणारे निरोप जसे अडतात, तसेच आतड्यांकडे आणि गुदद्वाराच्या स्नायूंकडे जाणारेही अडतात. त्यामुळे चार-चार दिवस पोट साफ होत नाही, आणि मग एखादी कळ अशी येते की धरून ठेवता येत नाही. कधी घट्ट मळाच्या कडेने पातळ झिरपतं. जुलाब समजून त्यावर गोळी घेतली, तर आतला खडा आणखी बसतो.

आणि जेवणाचं म्हणाल, तर अन्न पोटात गेलं की मोठं आतडं हलायला लागतं. तुमचंही हलतं. तुम्ही हातातलं काम उरकून जाता, मला तेवढी सवड मिळत नाही.

धाकट्या दिरांच्या मुलाची मुंज आठवते? कर्वे रस्त्याजवळचं ते कार्यालय. मी पंगतीत बसले होते, मसालेभात झाला, जिलबीचा आग्रह चालला होता, आणि कळ आली. बायकांचे संडास मागच्या बाजूला, पायऱ्या उतरून. दोनच. एकाला कुलूप, त्यात झाडू-बादल्या ठेवलेल्या. दुसऱ्यात कोणी मुलगी साडी बदलत होती. मी दार वाजवलं. "दोन मिनिटं हं, काकू!" पाय ताठरले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पैठणीच्या निऱ्या. मी पुन्हा दार वाजवलं, आणि तिथेच झालं, उभ्याउभ्या. मांडीवरून पोटरीवर गरम ओघळलं ते चपलेपर्यंत. मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला. थोरल्या जाऊबाईंनी कुणाला काही न विचारता बादली आणली, पाय धुतले, स्वतःची शाल कमरेला गुंडाळली. रिक्षात बसण्याआधी मी सीटवर वर्तमानपत्र अंथरून घेतलं. मुलगा सोबत होता. घरी पोचेपर्यंत तो बाहेरच बघत होता.

इसबगोल घे, पपई खा, रात्री दुधात तूप घे, हे सगळं ऐकलंय, केलंय. इसबगोलला भरपूर पाणी लागतं, आणि लघवीची घाई नको म्हणून बाहेर पडताना मी पाणीच टाळते. त्या घाईवर दिलेली गोळी आतडं आणखी मंद करते. रोज सकाळी नाश्ता-चहानंतर वीस-तीस मिनिटांनी, पायाखाली पाट घेऊन बसते. लागली तर ग्लिसरीनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून घ्यायची वडी, घेते. त्याने बरंच सावरलंय, पण भरवसा नाही. म्हणून कार्याच्या दिवशी उपाशी येते, अक्षता टाकते, आणि निघते.

मुंजीनंतर बराच काळ मी कुठे गेलेच नाही. पॅड लावून समारंभाला जाण्यापेक्षा घर बरं, असं तेव्हा ठरवलं होतं. आता मी पॅड लावून येते. तेव्हाच्या मला विचारते, पुतणीचं बारसं का चुकवलंस? ती म्हणते, तू तरी जाऊन उपाशीच परत येतेस ना? यावर माझ्याकडे उत्तर नाही. यजमान म्हणतात, पॅड आहे तर जेव. पण पॅडने कपडे वाचतात, वास लपत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस नावानिशी आहे. तरी कार्यालयात फोन केला की "रॅम्प आहे ना मॅडम" एवढंच ऐकायला मिळतं. उकिडवं मला बसता येत नाही, हे रॅम्पने सुटत नाही.

डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. जेवायला थांबेन का, ते अजून मलाच ठरवता आलेलं नाही. कार्यालय बघायला जाल तेव्हा जेवणाच्या हॉलच्याच मजल्यावर कमोड आहे का बघा, आणि त्याला कुलूप नाही ना, तेही विचारा.