प्रत्यक्ष आगीत प्रवेश केला होता काय?

आमच्या ड्रायव्हर मामांसाठी पाठवलेला शौर्यपदकाचा प्रस्ताव गेल्या मंगळवारी त्रुटीत परत आला. वर पिवळी चिठ्ठी आणि निळ्या शाईत एकच ओळ: 'सदर कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष आगीत प्रवेश केला होता काय? स्पष्ट अभिप्राय सादर करावा.' तेव्हापासून ती फाईल माझ्या टेबलावर आहे. उत्तर एका शब्दाचं आहे, पण तो शब्द लिहायचा तर त्या रात्रीचं सगळंच लिहावं लागतं. ते मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या नगरपरिषदेचा अग्निशमन अधिकारी. एक मोठा बंब, एक छोटा, आणि मंजूर पदांच्या निम्मीच माणसं. आमच्याकडे फोनला 'वर्दी' म्हणतात. वर्षातल्या बहुतेक वर्द्या गवताच्या, कचऱ्याच्या, उसाच्या फडाच्या, नाहीतर विहिरीत पडलेल्या जनावराच्या असतात. माणूस आत अडकलाय अशी वर्दी क्वचित येते. आली की पहिल्या पाच मिनिटांत जे ठरतं ते ठरतं, पुढचे काही तास नुसती मेहनत.

फेब्रुवारीतली रात्र होती. १ वाजून ५२ मिनिटांनी वर्दी आली: बाजारपेठेत गादी कारखान्याला आग. जुना वाडा, सागवानी तुळया. खाली कापूस आणि सरकीच्या गोण्या, वर घरमालकाचं बिऱ्हाड. कापसाची आग फसवी असते. वरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते. गठ्ठा फोडून, कापूस अक्षरशः पिंजून विझवावा लागतो. आमच्या खात्यात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गासड्याच पेटल्या होत्या, आणि त्याच जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. जवानांनी जवळपास दोन तास पाणी मारलं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. १४ एप्रिलला आम्ही अग्निशमन सेवा दिन पाळतो तो त्यांच्यासाठी.

आम्ही पोचलो तेव्हा रात्रगस्तीचे हवालदार आधीच तिथे होते. शेजारच्या दुकानांची शटरं लाठीनं बडवून त्यांनी वरच्या मजल्यांवरची माणसं खाली काढली होती, रस्त्यातला एक टेम्पो चार जणांकडून ढकलून बाजूला लावला होता, आणि महावितरणच्या वायरमनला झोपेतून उठवून लाईन बंद करायला लावली होती. मी खाली उतरायच्या आत ते खिडकीशी आले. "साहेब, वर म्हातारी आहे आणि नातू आहे, सात वर्षांचा. पुढचा जिना गेला. मागच्या बोळात दुसरा जिना आहे, लाकडी, अजून शाबूत आहे. मी हात लावून आलोय." आगीच्या ठिकाणी पन्नास माणसं पन्नास गोष्टी ओरडून सांगत असतात. त्यातल्या एकानं कामाची गोष्ट नीट सांगणं, आणि तीही स्वतः खात्री करून, हे माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत मोजक्या वेळा घडलंय.

आमचा सर्वांत तरणा फायरमन आणि त्याच्याबरोबर लीडिंग फायरमन, अशी जोडी बी.ए. सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं उपकरण, लावून मागच्या जिन्यानं आत गेली. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा किती ते बारमध्ये मोजतात. पूर्ण भरला की ३००. कागदावर तो बराच वेळ चालतो, पण धुरात रांगत, माणूस शोधत, धापा टाकत गेलं की अर्धा तासही पुरत नाही. ५५ बारच्या आसपास शिट्टी वाजायला लागते, ती वाजायच्या आत परतीच्या वाटेला लागायचं असतं. म्हणून कोण किती वाजता, किती हवेवर आत गेला याची नोंद बाहेर एकानं ठेवायची असते. तेवढ्यासाठी वेगळा माणूस आमच्याकडे नाही. ते काम ड्रायव्हर मामांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

आमच्याकडे ड्रायव्हर म्हणजे नुसता गाडी चालवणारा नव्हे. गाडी उभी राहिली की तोच पंप चालवतो. मामा या कामात माझ्या दुपटीनं जुने. पंपाच्या मागच्या शटरची आतली बाजू काळ्या रंगानं रंगवून त्यांनी तिचा फळा केलाय, आणि खिशात कायम खडू. त्या रात्री त्यावर लिहिलं होतं: '२.०३ – २८० – २७०'. खाली, दोनदा अधोरेखित: '२.२३ बाहेर'.

आता माझं.

समोरून ज्वाळा दुसऱ्या मजल्याला लागत होत्या. गर्दी जमली होती, निम्म्यांच्या हातात मोबाईल वर धरलेले. रेकॉर्डिंग करता करताच ओरडत होते, "पाणी मारा की! बघत काय बसलात?" या लोकांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही. पण दोष त्यांचा नाही. त्या ओरड्याला मी बळी पडलो. मी मामांना ओरडून सांगितलं, "दोन्ही डिलिव्हऱ्या खोला, समोरून मारा."

बंबाच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी. मोठी एक लाईन, म्हणजे एका डिलिव्हरीला जोडलेला होज, पूर्ण दाबानं मिनिटाला साडेचारशे लिटर खाते. दोन लाईन म्हणजे पाच मिनिटांत टाकी रिकामी. बाजारपेठेतला हायड्रंट, म्हणजे बंब भरायचा रस्त्यावरचा नळ, कित्येक वर्षं कोरडा, आणि पाण्याचा टँकर निघालाय एवढंच कळलेलं. शिवाय समोरून मारलेल्या पाण्याची वाफ आणि धूर मागच्या जिन्याकडेच ढकलला गेला असता, जिथे माझी दोन पोरं रांगत होती. हे मला नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

मामांनी मान वळवली. "दुसरी खोलत नाही साहेब. पोरं आत आहेत." एवढं बोलून माझ्याकडे पाठ केली आणि पंपाच्या काट्यावर वाकले.

पुढची वीस मिनिटं मी त्यांना बघत होतो. आत गेलेल्या जोडीकडे होज रीलची बारीक लाईन होती, मिनिटाला शंभरेक लिटरची. ती मामांनी एकदाही तुटू दिली नाही. मोठी लाईन एकच, आणि तीही घोटाघोटानं. शेजारच्या घराच्या तुळईनं पेट घेतला की खोलायची, भिजली की बंद. डावा हात थ्रॉटलवर आणि उजव्या हाताचा तळवा कायम होजवर टेकवलेला. होजमधून पाणी वाहत असलं की ते थरथरतं, पुढून ब्रँच, म्हणजे होजच्या तोंडाची नळी, बंद झाली की दगडासारखं टणक होतं. त्या तळव्यानं त्यांना आतलं कळत होतं. वॉकीटॉकीवर नुसती खरखर होती.

२.११ ला पोरांनी आजींना खाली आणलं. त्या जिन्याच्या तोंडाशीच पडल्या होत्या. दोघं पुन्हा आत गेले. लहान मूल आगीत पळत नाही, लपतं. पलंगाखाली, कपाटात, आईच्या साड्यांमागे. म्हणून हाक मारत फिरण्यापेक्षा हातानं चाचपडत शोधावं लागतं, आणि त्याला वेळ जातो. २.१९ ला मामांनी तीन लांब हॉर्न दिले. आत धुरातही ऐकू जाईल असा ठरलेला इशारा: वेळ संपत आली. २.२० ला टँकर चौकात वळला. २.२१ ला पोरं बाहेर आली, एकाची शिट्टी वाजत होती आणि दुसऱ्याच्या खांद्यावर तो मुलगा होता. बंबाच्या टाकीत तेव्हा तळाला दोन-अडीचशे लिटर पाणी असेल.

माझ्या हुकमाप्रमाणे झालं असतं तर टाकी २.१० च्या आतच आटली असती. हा हिशेब मी किती वेळा मांडला असेल! दर वेळी तोच येतो.

मुलाचा बाप साखर कारखान्यात रात्रपाळीला होता. गळीत हंगाम चालू होता. बातमी कळताच मोटारसायकलवर आला आणि थेट जिन्याकडे धावला. हवालदारांनी त्याला कमरेला मिठी मारून धरलं. तेरा मिनिटं. त्यानं शिव्या दिल्या, लाथा मारल्या, मनगटाला कडकडून चावला. हवालदारांनी मिठी सोडली नाही. तो आत गेला असता तर आम्हाला तिसरा माणूस शोधावा लागला असता, आणि तेवढी हवा कुणाकडेच नव्हती. पोलिसाच्या शौर्याची गोष्ट निघाली की आपल्याला गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आठवतात. आठवलेच पाहिजेत, त्यांचं अशोकचक्र कुणी विसरू नये. पण धरून ठेवण्याचं हेही एक काम असतं, आणि ज्याला धरलं तो त्या क्षणी तुम्हाला वैरी समजत असतो. पहाटे हवालदारांच्या मनगटावर दातांचा पूर्ण गोल उमटलेला मी पाहिला. वर आयोडीन लावून ते चहा पीत होते.

कापूस पिंजत सकाळचे नऊ वाजले. साडेदहाला मी अहवाल लिहायला बसलो. त्यात एक वाक्य आहे: 'अधोहस्ताक्षरितांच्या मार्गदर्शनाखाली पाण्याचे योग्य नियोजन करण्यात आले.'

अधोहस्ताक्षरित म्हणजे मी. सरकारी मराठीत 'करण्यात आले' म्हटलं की कर्ता लागत नाही. मामांनी काय केलं हे लिहायचं तर मी काय हुकूम दिला होता तेही आलंच असतं. मी थकलो होतो, हे खरं. पण वाक्य थकव्यातून आलेलं नाही.

त्या अहवालावरून तरण्या फायरमनचं नाव सत्काराला गेलं. त्यात काहीच चूक नाही. मुलगा पलंगाखालून त्यानंच काढला, आणि अशा ठिकाणी परत वळून आत जाणं किती कठीण असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत मुंबई अग्निशमन दलानं आपले प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गमावले. आत जाणाऱ्याचं मोल कमी करायची माझी छाती नाही.

सत्कार १४ एप्रिलला सकाळी, नगरपरिषदेच्या सभागृहात होता. पहिल्यांदा ६६ जणांसाठी दोन मिनिटं स्तब्धता, मग शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. मुलाचा बाप आला होता. तो फायरमनच्या पायाच पडला, त्याला उठवताना त्या फायरमनलाच रडू आवरेना. हवालदारांना मी निमंत्रण दिलं होतं, पण त्या दिवशी आंबेडकर जयंती, त्यांना सकाळपासून मिरवणुकीचा बंदोबस्त. मामा शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर होते. ती त्यांची नेहमीची जागा, बंब बाहेर उभा असतो म्हणून. पाहुण्यांचं भाषण चालू असताना वर्दी आली: बायपासला गवत पेटलंय. मामा दोघांना घेऊन निघून गेले. स्टेजवरून मला सायरन ऐकू आला. तरणा फायरमन शाल अंगावर घेऊन उभा होता; तो पाहुण्यांकडे पाहायचं सोडून दाराकडे पाहत राहिला.

हवालदारांसाठी मी पोलीस ठाण्याला वेगळं पत्र दिलं. त्यात मात्र काही लपवायचं नव्हतं म्हणून ते पटकन लिहून झालं. त्यांना बक्षीस मिळालं, सेवापुस्तकात नोंद झाली. भेटले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगं शाळेत जातंय ना?"

जूनमध्ये डिझेलचा हिशेब लावताना मी बंबाचं लॉगबुक उघडलं. खडूनं शटरवर लिहिलेलं मामा परतल्यावर लॉगबुकात उतरवतात हे मला ठाऊक नव्हतं. त्या पानावर त्या रात्रीचं मिनिट अन् मिनिट होतं. 'लाईन १ चालू २.०६, बंद २.०७.' 'टाकी निम्मी २.१३.' 'हॉर्न २.१९.' आणि २.०४ समोर दोनच शब्द: 'लाईन २ बंद.' कुणाच्या हुकमाविरुद्ध बंद, ते लिहिलेलं नाही. मी मामांना विचारलं, ते तेवढं का गाळलं? ते म्हणाले, "लॉगबुकात पंपाचं लिहायचं असतं साहेब."

मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतात. मी शौर्यपदकासाठी त्यांचा प्रस्ताव केला, आणि त्यातही पुन्हा तसंच गुळमुळीत लिहिलं: 'प्रतिकूल परिस्थितीत पाण्याचे काटेकोर नियोजन केले.' यावर कुणीही विचारणारच, की मग धाडस कुठलं? त्रुटी काढणाऱ्या कारकुनाला मी दोन दिवस मनात नावं ठेवत होतो. त्याचा प्रश्न बरोबर आहे. नमुन्यात आत जाणाऱ्यासाठी रकाना आहे, बाहेर उभं राहून साहेबाचा चुकीचा हुकूम न पाळणाऱ्यासाठी नाही, हे खरंच. पण माझ्या कागदावरून त्याला तसं काही कळायला मार्गही नव्हता.

काल रात्री अभिप्राय लिहिला.

'नाही. सदर कर्मचारी संपूर्ण वेळ बाहेर, पंपावर होते. पहाटे २.०४ वाजता मी त्यांना दुसरी लाईन समोरून सुरू करण्याचा आदेश दिला. तो आदेश चुकीचा होता. त्यांनी तो पाळला नाही. त्यामुळे आत असलेल्या दोन जवानांना व दोन रहिवाशांना २.२१ वाजेपर्यंत पाणी मिळाले. माझ्या मूळ अहवालातील संबंधित वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही; ते मी मागे घेत आहे. लॉगबुकाच्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे.'

खाली सही केली. सकाळी जावक क्रमांक पडला. छायाप्रत काढायला लॉगबुक मामांकडूनच मागून घेतलं होतं. कशाला हवंय ते त्यांनी विचारलं नाही, फक्त पान दुमडू नका म्हणाले.