केशरी रताळं आणि लाल दिवा

महाशिवरात्रीच्या आदल्या शनिवारी आमच्या लालबागच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये मी 24 बायकांना लाल दिव्याखाली बसवून उकडलेलं रताळं खाऊ घातलं. प्रत्येकीपुढे तीन वाट्या, वाटीवर तीन आकडी नंबर, शेजारी कोमट पाण्याचा पेला. दोन वाट्यांत एकच वाण, तिसरीत वेगळं. वेगळी वाटी कोणती, एवढंच सांगायचं. लाल दिवा अशासाठी की पांढरं कुठलं आणि केशरी कुठलं हे बघून कळू नये.

"अगं, रंग लपवून काय कळणार? आम्ही तर रंग बघूनच घेतो," शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं, म्हणूनच दुसरी फेरी साध्या ट्यूबलाइटमध्ये ठेवली होती.

हे माझं रोजचंच काम आहे. बिस्किटं, मसाले, सरबतं बाजारात यायच्या आधी लोकांना ती कशी लागतात हे मी मोजते. पण ही चाचणी कुणी सांगितली म्हणून केलेली नाही. मनात ती फार वर्षांपासून होती, आणि तिचं मूळ माझ्या पहिल्या नोकरीत आहे.

अकरा वर्षं मी परळला एका डोळ्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. तिथं एक तपासणी यायची. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सेल्युलोज अॅसिटेटच्या कागदाची बारीक पट्टी काही सेकंद हलकेच दाबायची आणि सोलून घ्यायची. कागदावर वरच्या थरातल्या पेशी चिकटून येतात, मग त्या रंगवायच्या. निरोगी डोळ्यात गॉब्लेट पेशी दिसतात, गुलाबी-जांभळ्या, फुगीर, चिकट द्रवाने भरलेल्या. डोळा ओला राहतो त्यात या पेशींचा मोठा वाटा. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की त्या नाहीशा होत जातात. उरतात त्या चपट्या, पसरलेल्या, आक्रसलेल्या केंद्रकाच्या पेशी. डोळ्यावरचा नाजूक थर हळूहळू कातडीसारखा होत जातो.

एका पाच वर्षांच्या मुलाची पट्टी मी स्वतः रंगवली होती. त्याच्या डोळ्यात बुबुळाच्या बाजूला साबणाच्या फेसासारखा डाग होता, त्याला बिटोचा डाग म्हणतात. आई सांगत होती, "ताई, दिवेलागणीला हा भिंतीला धडकतो. आम्हाला वाटलं मस्ती करतो." अंधारात बघायला लागणारं रोडॉप्सिन याच जीवनसत्त्वापासून बनतं, त्यामुळे पहिला झटका रात्रीच्या नजरेला बसतो. त्याची पूर्ण स्लाइड मी शोधली, एकही गॉब्लेट पेशी सापडली नाही. त्याला वेळेत डोस मिळाला आणि नजर सुधारली. आपल्याकडे 1970 पासून लहान मुलांना हे डोस देण्याची सरकारी योजना आहे, आणि ती हवीच. पण त्या दिवशी मायक्रोस्कोपवरून मान वर केली तेव्हा मनात हेच आलं की याच्या ताटात काय होतं, ते कुणी विचारलं का?

या प्रश्नाचं एक उत्तर जनुकशास्त्राने दिलं. शरीर ज्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनवतं ते बीटा-कॅरोटिन भाताचं रोप पानात करतंच, आपण खातो त्या दाण्यात मात्र करत नाही. 2000 साली इंगो पोट्रिकस आणि पीटर बायर या शास्त्रज्ञांनी डॅफोडिल या फुलझाडाचं आणि एका जिवाणूचं जनुक घालून ते दाण्यात करून दाखवलं, त्याने दाणा पिवळा होतो. 2005 साली डॅफोडिलच्या जागी मक्याचं जनुक घेतलं तेव्हा प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. फिलिपिन्सने 2021 मध्ये लागवडीला परवानगी दिली, आणि 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने ती थांबवली. त्या वादात मी इथं शिरत नाही. मला त्यातलं बाजाराचं अंग दिसतं. पिवळा भात आपल्याला परका नाही, साखरभात पिवळाच असतो. पण रोजच्या वरणाखालचा भात पांढराशुभ्रच हवा. त्या एका घासासाठी आई रंगाचा बदल चालवून घेईल का, हे प्रयोगशाळेत कळत नाही.

रताळ्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात बाहेरचं जनुक घालावं लागत नाही, केशरी गराची रताळी मुळातच आहेत. आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये कृषिशास्त्रज्ञ मारिया आंद्रादे यांनी ती गावोगाव नेली तेव्हा गाड्यासुद्धा केशरी रंगवल्या होत्या. 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना आणि आणखी तिघांना मिळाला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या कंद पिकांच्या केंद्रीय संस्थेने 'भू सोना' हे केशरी वाण काढलं आहे. त्याच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 14 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन असतं.

अडचण एकच. रताळ्यात कॅरोटिन वाढवायला गेलं की बहुधा पिठूळपणा कमी होतो. नवी वाणं काढणारे पैदासकार याला शुष्क पदार्थ म्हणतात, आमच्या काकू म्हणतात, "गच्च हवं गं, पचपचीत नको." दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. पण पैदासकाराच्या शेतात काकू कधी गेल्या नाहीत आणि काकूंच्या ओट्यापाशी पैदासकार कधी आला नाही. माझी सगळी तळमळ याच अंतराबद्दल आहे.

आता निकाल. नुसत्या अंदाजाने उत्तरं दिली असती तर 24 पैकी 8 जणींचं बरोबर आलं असतं. 13 किंवा जास्त आली तर मानायचं की फरक खरोखर कळतो. हा हिशोब संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरच्या पद्धतीचा. त्याने तो इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्राच्या शेतात पिकांच्या वाफ्यांसाठी बसवला, आणि चहाच्या आठ कपांवर समजावून सांगितला. लाल दिव्याखाली आमच्या बायकांनी 13 चा आकडा सहज ओलांडला. म्हणजे रंग नसतानाही जिभेला फरक कळत होता. बहुतेकींनी कारण एकच दिलं, केशरी जास्त ओलं लागतं.

ट्यूबलाइट लावल्यावर मात्र मी चकित झाले. मला वाटलं होतं रंगाला नाकं मुरडतील. उलट, "गाजरासारखं दिसतंय, नातू खाईल," असं दोघीतिघी म्हणाल्या. रंगाने केशरी जिंकलं, उकडल्यावरच्या पोताने हरलं. मग तिथल्या तिथे एकीने उरलेली कच्ची रताळी किसली आणि तूप-जिऱ्याची फोडणी, मिरची, दाण्याचं कूट घालून कीस केला. किसात ओलेपणाची तक्रार कुणीच केली नाही. शिवाय बीटा-कॅरोटिन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो, तो तुपातून आणि दाण्यांतून आपोआप जातो.

एका कंपनीला मी हे सांगितलं तेव्हा उत्तर आलं की यात विकायचं काय? प्रश्न धंद्याच्या दृष्टीने खरा आहे. रताळं वेलाच्या तुकड्यांवर लागतं. एकाने लावलं की शेजारी त्याचाच तुकडा नेतो, दर वर्षी विकत घ्यावं लागत नाही, म्हणून त्याची जाहिरात करायला कुणी पुढे येत नाही. पण बिस्किटाच्या कुरकुरीतपणासाठी जी पद्धत महिनोन्‌महिने वापरली जाते, ती या कंदासाठी वापरायला सरकारी खर्च का होऊ नये? वाण प्रसारित करण्याआधी उत्पन्न मोजतात, रोग मोजतात. तशीच खाणाऱ्या बायकांची चाचणीही सक्तीची करा, एवढीच माझी मागणी आहे.

आषाढीच्या आधीच्या रविवारी पुन्हा बसणार आहोत, या वेळी दोन्ही वाणांचा कीस. लालबाग-परळ भागातल्या, उपवास धरणाऱ्या कुणाला यायचं असेल तर कळवा. येण्याआधी तासभर चहा, पान, सुपारी नको, आणि केसांत गजरा घालू नका, वासाने चव बिघडते.