मागची चाकं ढकलतात: शिकागो ते वुडवर्ड

शुक्रवारी सकाळी शिकागोच्या उपनगरातून निघालो तेव्हा बाबा ऐसपैस बसले होते. आमच्या २००३च्या मर्क्युरी ग्रँड मार्कीत पुढे मधला कप्पा नाही, गिअरचा खुंट नाही. या दारापासून त्या दारापर्यंत सीटच सीट. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाबा म्हणाले होते, "अरे, ही तर आपली फियाट!"

बाबा कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. वालचंद हिराचंदांच्या या कंपनीने सुरुवातीला क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या, फियाट नंतर आली. बाबा लागले तेव्हा त्या मोठ्या अमेरिकन गाड्या संपत आल्या होत्या, पण जुने मिस्त्री त्यांच्याविषयी तासन्‌तास बोलायचे. त्यामुळे डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, जायचं म्हटल्यावर त्यांनी एकदाही "किती लांब?" असं विचारलं नाही. तसं अंतर साडेचारशे किलोमीटर आहे.

ही गाडी मी शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. इकडे तिला आजोबांची गाडी म्हणतात. तिची भावंडं म्हणजे पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची क्राउन व्हिक्टोरिया आणि विमानतळावर दिसायची ती लिंकन टाउन कार. तिघींचा सांगाडा एकच, फोर्डचा पँथर. १९७९च्या मॉडेलपासून २०११पर्यंत तो चालला. खाली ट्रकसारखी वेगळी चॅसिस, तिच्यावर बॉडी, पुढे ४.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि ओढ मागच्या चाकांना. लांबी जवळजवळ साडेपाच मीटर. तरी महामार्गावर लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते. मस्टँगसाठी लोक जीव टाकतात, आणि ही बिचारी वापरून वापरून भंगारात जाते. मला हे मनापासून खटकतं. तिच्याइतकी आरामात आणि इतकी वर्षं माणसं वाहणाऱ्या गाड्या फार थोड्या असतील.

मिशिगनमध्ये शिरल्यावर कॅलमझूला थांबलो. टॅक्सी म्हणून अमेरिकेत प्रसिद्ध असलेली चेकर इथली. तिची शेवटची गाडी १९८२ साली बाहेर पडली. गावाबाहेर हिकरी कॉर्नर्सला गिलमोर कार म्युझियम आहे, तिथे चेकर पाहिली. उंच छत, रुंद दारं, मागे पाय पसरायला भरपूर जागा. पन्नासच्या दशकात ठरलेलं रूप शेवटपर्यंत जवळपास तेच राहिलं. बाबांनी तिच्या चाकांच्या कमानीवर हात न लावता नुसता धरला आणि म्हणाले, "पत्रा जाड आहे. आपल्या टॅक्सीचंही असंच, साचा बदललाच नाही. बदलायची गरज काय होती?"

शनिवारी सकाळी सहाला वुडवर्ड अॅव्हेन्यूवर पोचलो. १९९५ला सुरू झालेली ही क्रूझ ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते. फर्नडेलपासून पॉन्टियाकपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना घडीच्या खुर्च्या टाकून माणसं बसलेली, आणि मधून गाड्यांची संथ रांग. (याच वुडवर्डवर, थोडं खाली डेट्रॉइटमध्ये, १९०९ साली सिमेंट काँक्रीटचा पहिला मैल झाला.) लाल कॅमारो, पिवळ्या मस्टँग यांच्यापुढे फोटोवाल्यांची झुंबड. आम्ही रॉयल ओकमध्ये एका दुकानामागच्या पार्किंगमध्ये गेलो. आमच्यासारखी मंडळी तिथेच जमली होती.

काय काय होतं म्हणून सांगू! चेरी रंगाची शेव्हरोले इम्पाला एसएस, १९९६ची. कॅप्रिससारख्या घरगुती गाडीत कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं ५.७ लिटरचं इंजिन, २६० हॉर्सपॉवर. तीन मॉडेल-वर्षं चालली आणि बंद झाली, कारण जनरल मोटर्सला टेक्ससमधला तो कारखाना जास्त नफ्याच्या मोठ्या गाड्यांसाठी हवा होता. तिच्यापलीकडे एक डॉज डार्ट, बॉनेट उघडं. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन मुद्दाम तीस अंश कललेलं असतं, म्हणजे बॉनेट खाली घेता येतं. बाबा तिथून हलेनात. "हे मरत नाही," एवढंच म्हणाले. त्या इंजिनाची ख्याती खरोखरच तशी आहे.

शेजारी लाकडी नक्षीच्या पट्ट्या लावलेली ब्यूइक रोडमास्टर वॅगन होती. मालक सत्तरीचे. आमची गाडी पार्क होताना बाबांनी कान टवकारले होते: रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना खालून 'टक' आवाज आला.

"क्रॉस सैल झालाय," बाबा म्हणाले.

"बाबा, गॅरेजमध्ये दाखवतो ना मी सोमवारी."

"सोमवारपर्यंत साडेचारशे किलोमीटर आहेत."

मागच्या चाकांच्या गाडीत गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत लांब शाफ्ट जातो. मागचा धुरा वरखाली होतो, म्हणून शाफ्टच्या टोकांना वळणारे सांधे लागतात, तोच क्रॉस. बाबा शिकवायचे: मागची चाकं ढकलतात, पुढची फक्त वळतात, दोघांना आपापलं काम. हिवाळ्यात बर्फावर मात्र हलकी मागची बाजू घसरते, म्हणून मी डिकीत वाळूची पोती ठेवतो.

रोडमास्टरवाल्या आजोबांना शब्द कळले नसतील, पण 'टक' कळला होता. इंजिन बंद केलं, पार्किंग ब्रेक लावला, चाकांना लाकडी ठोकळे लावले, टॉर्च आणला. दोघेही गुडघे टेकून पुठ्ठ्यावर आडवे झाले. बाबांनी शाफ्ट धरून हलवला, त्या गृहस्थांनी मागच्या सांध्यावर प्रकाश टाकला. मराठी आणि इंग्रजी दोन्हींची गरज पडली नाही. बाहेर येऊन बाबांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली: थोडाच आहे, घरापर्यंत जाईल, सावकाश जा.

मग त्या आजोबांनी वॅगनचं मागचं दार उघडलं. शेवटची सीट मागे तोंड करून असते, मुलांसाठी. हातावरचं ग्रीस फडक्याला पुसत दोघे तिथे शेजारी बसले, पाय बाहेर सोडून. समोरून एक काळी मर्क्युरी मरॉडर गेली, आमच्याच गाडीची जोरदार बहीण, ३०२ हॉर्सपॉवरची. दोघांनी एकाच वेळी बोट दाखवलं.